बिनमिठाचा आठवडा

कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणारी पायवाट जिथे ओढा सोडून डोंगराला लागते, तिथे तेव्हा सहा घरांची एक वाडी होती. त्यातलं डोंगराच्या अंगाचं शेवटचं घर सोनुबाईचं. तशी घरावर, जमिनीवर आणि दारातल्या फणसावर नावं मालोजीची होती. पण वाडीत कुणी नवखा माणूस आला आणि त्याने मालोजीचं घर विचारलं, तर लोक घटकाभर विचारात पडत आणि मग म्हणत, "हां, सोनुबाईचं व्हय?"

ती बारा वर्षांची असताना लग्न होऊन इथे आली. ही हकीकत घडली तेव्हा चाळिशीला टेकली होती. मधल्या काळात सासूसासरे गेले, एक मुलगी झाली आणि ती खोपोलीकडे नांदायला गेली, आणि नवरा माथेरानला नोकरीला राहिला. तिथल्या एका साहेबी हॉटेलात मालोजी आधी पाणी भरायला लागला, मग टेबलावर वाढू लागला आणि शेवटची सहा वर्षं कोठीवर होता. पावसाळ्यात हॉटेल बंद झालं की तो चार महिने घरी यायचा. म्हणजे नेमका लावणीच्या दिवसांत यायचा. पण डोंगर उतरून पहिली चिखलणी दिसली की त्याची कंबर धरायची, ती पुन्हा हॉटेल उघडायच्या दिवशी सुटायची. तोवर तो ओट्यावर बसून सोनुबाईला चहा कसा करू नये ते सांगायचा. नांगर ठाकरवाडीचा पदू धरायचा आणि लावणीला पदूची बायको बुधी सोनुबाईच्या जोडीला वाकायची. अशी सतरा वर्षं गेली, आणि सोनुबाईची काही तक्रार नव्हती. आठ महिने घर तिचंच असे.

मग लढाई लागली. साहेब लोक लढाईवर गेले, हॉटेलाला कुलूप लागलं आणि बेचाळीस साली मालोजी कायमचा घरी आला. त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली, पितळी बटणांचा पांढरा कोट आला आणि जेवणाच्या पदार्थांची इंग्रजी नावं छापलेल्या जाड कार्डांचा गठ्ठा आला. कार्डं कशाला, असं सोनुबाईने विचारलं, तेव्हा मागची बाजू कोरी आहे, असं त्याने सांगितलं. वर्षभर मागची बाजू कोरीच राहिली. मालोजीला करण्यासारखं काही सापडत नव्हतं. घरात सगळं आधीच होत होतं, आणि ते कसं होतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

त्रेचाळीसच्या कोजागिरीनंतर चार दिवसांनी तो रॉकेल बघायला कर्जतला गेला. रॉकेल मिळालं नाही, पण व्याख्यान मिळालं. खालापूरकडे एका माळावर भाऊसाहेब कशेळकर नावाच्या गृहस्थांनी आश्रम काढला होता. वकिली सोडलेले, पण बोलणं न सोडलेले असे हे भाऊसाहेब गावोगाव हिंडून स्वावलंबनावर बोलत. मालोजी मागच्या रांगेत उभा राहून ऐकत होता, तो शेवटी पुढच्या रांगेत जाऊन बसला. घरी आला तो ओट्यावर न बसता थेट चुलीपाशी आला. हे इतकं अघटित होतं की सोनुबाईला वाटलं, कुणी गेलं.

"आजपासून या घरात बाजाराची वस्तू येणार नाय," तो म्हणाला. "जे काय लागंल ते आपण घरी करू."

सोनुबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आपण म्हंजे कोण?"

"आपण म्हंजे सगळी."

तिने मनातल्या मनात हिशेब केला. या घरात बाजारातून येत होतं काय? भात शेतातलं, नाचणी आणि वरी डोंगरउतारावरची, वाल परसातले, तेल आपल्या खुरासणीचं गावातल्या घाण्यावरून काढून आणलेलं. टोपल्या, सुपं बुधीच्या घरची, त्यांच्या बदल्यात भात. मडकी कुंभाराची, तीही भातावर. उरलं काय, तर मीठ, काडेपेटी, रॉकेल आणि वर्षाला दोन लुगडी. आणि मालोजीसाठी चहा आणि साखर. यातलं रॉकेल आणि साखर वाण्याकडे गेले कित्येक महिने आलीच नव्हती. जे दुकानातच नाही ते सोडायला काय लागतं? चहा सुटत असेल तर फारच बरं. तिने मान हलवली. तिला वाटलं, चार दिवसांत विसरेल.

पण मालोजी विसरला नाही, कारण त्याने भाऊसाहेबांना घरी बोलावून ठेवलं होतं. वसुबारसेला ते येणार होते, दोन कार्यकर्ते घेऊन, 'स्वावलंबी घर' बघायला. म्हणजे हातात आठवडा होता. मालोजीने पेटीतलं एक कार्ड काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर आठवड्याचं वेळापत्रक लिहिलं आणि पिठाच्या खळीने दारावर चिकटवलं. पहिल्या दिवशी खळं सारवणे. दुसऱ्या दिवशी पोहे कांडणे. तिसऱ्या दिवशी कणगी लिंपणे. असं करत करत सगळी कामं त्याने ओळीने मांडली. सोनुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. ही सगळी कामं ती गेली सत्तावीस वर्षं याच आठवड्यात करत आली होती, फक्त वेगळ्या ओळीने. कारण ढग कसे आहेत, भात किती पिवळं पडलंय आणि बुधी कुठल्या दिवशी येणार हे बघून तिची ओळ ठरे. मालोजीची ओळ अक्षर चांगलं यावं म्हणून ठरली होती.

एक गोष्ट मात्र यादीत कुठेच बसेना. ती म्हणजे मीठ.

मीठ घरी करता येत नाही. ते पेण-पनवेलच्या आगरांतून गाड्यांनी येतं आणि वाण्याकडून घ्यावं लागतं. यावर मालोजीने दोन दिवस विचार केला आणि निर्णय सांगितला की मीठ ही शरीराची गरज नसून जिभेची खोड आहे. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बुधी भारे बांधायचे बंद घेऊन आली होती, तिच्यासमोर त्याने अर्धं भरलेलं मिठाचं मडकं उचलून तिच्या पाटीत रिकामं केलं. वाडीतली दोन माणसं बघत होती, त्यांच्यासाठी तो थोडं थांबूनही राहिला.

बुधीने पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आली तेव्हा तिच्या पाटीत पानांखाली पळसाच्या पानाची एक पुडी होती.

"बाय, तुजा दादला बरा हाय ना?" तिने पुडी सोनुबाईच्या हातात देत विचारलं.

सोनुबाई म्हणाली की अंगात ताप नाही, डोक्याचं सांगता येत नाही.

तेव्हापासून रोज पहाटे पुडी येऊ लागली. सोनुबाई दोन भांड्यांत कालवण शिजवी. एक शेतावर न्यायचं, मिठाचं. एक मालोजीचं, नेमाचं. तो ओट्यावर बसून बिनमिठाचं वालाचं बिरडं जेवायचा आणि म्हणायचा की आता कुठे वालाची खरी चव कळायला लागली. ते म्हणताना तो पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा. तिसऱ्या दिवसापासून त्याचं जेवण अर्ध्यावर आलं. चौथ्या दिवशी सोनुबाईला दिसलं की तो दुपारी शेजारी चंद्राबाईच्या ओट्यावर जाऊन बसतो. चंद्राबाईने विहिरीवर सगळं सांगितलं. मालोजी तिथे चहा घेत होता, गुळाचा का होईना, आणि वर सुक्या बोंबलाची चटणी लावून भाकरी खात होता. चंद्राबाईने हसत त्याला नेमाचं विचारलं, तेव्हा त्याने समजावून सांगितलं होतं की नेम आपल्या घरात बाजाराची वस्तू न आणण्याचा आहे. दुसऱ्याच्या घरी जे मिळेल तो पाहुणचार, आणि पाहुणचार मोडू नये.

सोनुबाईने घागर कमरेवर घेतली. तिला राग आला नाही. तिला फक्त इतकंच वाटलं की एवढी अक्कल या माणसाला भात लावताना का सुचली नसेल.

पोहे कांडायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी तिने हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताचं पहिलं धान्य गरम पाण्यात भिजत घातलं होतं. सकाळी उपसून, निथळून, मातीच्या खापरात घोळून घोळून भाजलं आणि गरम असतानाच उखळात ओतलं. एका बाजूला सोनुबाई, दुसऱ्या बाजूला बुधी. दोन मुसळं एकाआड एक पडायची, आणि चंद्राबाई मधल्या पळभरात हात घालून पोहे वरखाली करायची. हे काम बोलत बोलत होत नाही. ताल चुकला तर मधल्या बाईची बोटं जातात. मालोजी मात्र बाजूला उभा राहून बोलत होता. गिरणीतले पोहे निर्जीव कसे असतात, उखळातल्या पोह्यांत प्राण कसा असतो, आणि या दणक्याने बायकांच्या छातीला कसा व्यायाम होतो. चंद्राबाईने हात बाहेर काढला आणि बसली. मुसळं थांबली. तिघी जणी त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तो थोड्या वेळाने आपण होऊनच तेलाच्या कामाला लागला.

तेलाचं काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. गावातला घाणा हाही एका अर्थी बाजारच, असं त्याच्या मनात आलं होतं. म्हणून गेल्या सालची पायलीभर खुरासणी त्याने फडक्यात बांधली, दोन फळ्यांमध्ये ठेवली, वर पाटा ठेवला, वरवंटा ठेवला, आणि तरी काही होईना तेव्हा वर स्वतः बसला. दिवसभर बसला. येणारा-जाणारा विचारी, काय चाललंय? तो म्हणे, तेल काढतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी उठला तेव्हा खाली ठेवलेल्या वाटीत करंगळी बुडेल इतकं तेल होतं. उरलेलं धोतरात होतं. सोनुबाईने तीच चेंदलेली खुरासणी टोपलीत भरली, परड्याच्या वाटेने घाण्यावर नेली आणि संध्याकाळी शेरभर तेल घेऊन आली. मालोजीने तेल बघितलं आणि फळ्यांवर किती वजन पडलं होतं याचा अंदाज करत राहिला. तिने तेल बुधल्यात ओतलं.

काडेपेटीचं असंच झालं. सोनुबाईला काडी फार लागतच नसे. रात्री निखारा राखेत पुरायचा, सकाळी फुंकर घालायची. पण मालोजीला चकमक हवी होती. ठाकरवाडीत पदूकडे ती होती. गारेवर पोलाद मारायचं आणि ठिणगी सावरीच्या कापसात धरायची. पदूने एकदा करून दाखवलं, विस्तव झाला. मालोजीने सकाळपासून दुपारपर्यंत केलं, अंगठ्याची साल गेली. पदू सभ्य माणूस. तो म्हणाला की आज कापूस दमट असेल.

या गडबडीत खरं काम पुढे सरकत होतं. वरच्या खाचरातलं हळवं भात पिकून वाकलं होतं. सोनुबाई, बुधी आणि पदू तिघांनी ते दोन दिवसांत कापलं आणि वाळायला शेतातच पसरून ठेवलं. कापलेलं भात दोन-तीन उन्हं खातं, मग त्याचे भारे बांधायचे आणि खळ्यावर आणून त्यांचा उंच ढीग, म्हणजे उडवी, रचायची. वेळापत्रकात भारे बांधणे वसुबारसेनंतर होतं. आदल्या संध्याकाळी सोनुबाई खाचराच्या बांधावर उभी राहिली. राजमाचीच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालं होतं आणि वारा पडला होता. चित्रा नक्षत्र जाता जाता असा दगा देतं. कापलेलं भात एकदा भिजलं की दोन दिवसांत जागच्या जागी मोड येतात. मग ते माणसाच्या कामाचं राहत नाही, कोंबड्यांच्या कामाचं होतं.

घरी येऊन तिने मालोजीला सांगितलं की उद्या सकाळी भारे बांधायला जाणार. मालोजी म्हणाला की उद्या भाऊसाहेब येणार. तिने सांगितलं, पाऊस पण येणार. मालोजीने बराच वेळ समजूत घातली. घरची लक्ष्मी घरात नसेल तर स्वावलंबी घर बघायला आलेल्या माणसाने बघायचं काय? वाढायचं कोणी? पोह्यांची माहिती सांगायची कोणी? सोनुबाईने ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं सायबांना वाढलंत," ती म्हणाली. "उद्या भाऊंना वाढा. सैपाक मी करून ठेवते, तुमच्या नेमाचा."

आणि तिने शब्द पाळला. पहाटे उठून तांदळाचा भात, भोपळ्याची भाजी, वालाचं बिरडं आणि नाचणीच्या भाकऱ्या करून ठेवल्या. कशातही कणभर मीठ घातलं नाही. पोह्यांची दुरडी झाकून ठेवली. अंगण सारवलेलं होतं, दारात रांगोळीची चार बोटं ओढली, गाईला ओवाळलं. मग कोयता कमरेला खोचून, भारे बांधायचे बंद खांद्यावर टाकून ती गेली.

भाऊसाहेब दहाच्या सुमारास आले. कर्जतपासून टांगा, पुढे चालत. उंच, गोरे, कडक इस्त्रीच्या खादीतले. बरोबर दोन कार्यकर्ते, एकाच्या खांद्याला झोळी, दुसऱ्याच्या हातात चहाचा थर्मास. मालोजीने सुताचा हार घातला. नंतर त्याने त्यांना घरभर हिंडवलं. ही कणगी, घरी लिंपलेली. हे तेल, घरच्या खुरासणीचं. स्वतः काढलेल्या तेलाची वाटी तो दाखवणार होता, पण ती मांजराने चाटली होती, म्हणून सोनुबाईने आणलेला बुधला दाखवला. भाऊसाहेबांनी पोह्यांची मूठ उचलून वास घेतला आणि विचारलं की भात किती वेळ भिजवता? मालोजी म्हणाला, भरपूर. कशात भाजता? मालोजी म्हणाला, विस्तवावर. एका कार्यकर्त्याने हे लिहून घेतलं.

मग भाऊसाहेबांचं लक्ष दारावरच्या वेळापत्रकाकडे गेलं. ते फार खूष झाले. असं प्रत्येक घरात पाहिजे, म्हणाले. जवळून बघावं म्हणून त्यांनी हात लावला, तर खळ वाळलेली, कार्ड हातात आलं आणि उलटं झालं. पुढच्या बाजूला पाच प्रकारच्या मांसाची, दोन पुडिंगांची आणि शेवटी दारूची इंग्रजी नावं सोनेरी अक्षरांत छापलेली होती. भाऊसाहेबांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. वकिलीच्या काळात ते असल्या ठिकाणी जेवले असावेत, कारण एका नावापाशी ते जरा रेंगाळले. मग त्यांनी कार्ड सुलटं करून उंबऱ्यावर ठेवलं.

जेवणाची पानं मांडली. हे मात्र मालोजीने झकास केलं. हॉटेलातला हात होता. केळीची पानं एका रेषेत, तांबे उजवीकडे, आणि पाहुण्यांपुढे झुकून डाव्या बाजूने वाढणं. शेवटी तोही आपलं पान घेऊन बसला. भाऊसाहेबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. डोळे मिटून म्हणाले, "सात्त्विक." मग त्यांनी झोळीवाल्या कार्यकर्त्याकडे बघितलं. त्याने न विचारता झोळीतून कागदाची पुडी काढली आणि तिघांच्या पानांत चिमूट चिमूट मीठ वाढलं. त्याच्या हाताची सफाई बघून कळत होतं की आजवर पुष्कळ आदर्श घरं त्यांनी बघितली आहेत. मालोजीच्या पानाकडे मात्र पुडी वळली नाही. त्याचा नेम मोडणं त्यांना बरं वाटलं नसेल.

पान उचलताना पहिला गडगडाट झाला. भाऊसाहेबांनी विचारलं की घरच्या बाई कुठे आहेत? मालोजीने शेताकडे बोट दाखवलं. तेव्हा भाऊसाहेबांच्या मनात आलं की आपण शेतावर जाऊ, चार पेंड्यांना हात लावू, कष्टकऱ्यांशी बोलू. माणूस बोलका असला तरी अंगचोर नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. चौघे जण निघाले.

वरच्या खाचरात तिघं माणसं न बोलता काम करत होती. सोनुबाई पेंड्या गोळा करून बंदावर ठेवत होती, पदू गुडघा रोवून आवळत होता, बुधी डोक्यावर भारा घेऊन खळ्याकडे जवळजवळ पळत होती. अजून निम्म्याहून जास्त शेत पसरलेलं होतं. भाऊसाहेब बांधावर उभे राहिले आणि बोलायला लागले. भारतमातेचं खरं रूप आज आपल्याला दिसतंय, वगैरे. पहिला थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

सोनुबाईने पदर डोक्यावर ओढला आणि नुकताच बांधलेला एक भारा उचलून त्यांच्यासमोर आणला.

"भाऊ, आलाच हाय तर डोकं रिकामं नका नेऊ," ती म्हणाली. "ह्यो भारा खळ्यावर टाका."

तिने हे थट्टेने म्हटलं नव्हतं. तिला खरंच डोकी हवी होती. पण बुधी वळली आणि तोंडाला पदर लावून एका भाऱ्याच्या आडोशाला बसली. भाऊसाहेबांनी क्षणभर मालोजीकडे बघितलं, मग टोपी काढून खिशात घातली आणि मान खाली केली. त्यांनी तीन भारे नेले. कार्यकर्त्यांनी चार चार नेले, थर्मास बांधावर ठेवून. मालोजीने एक घेतला. तो त्याने स्वतः बांधला होता. तो वाटेतच सुटला आणि खळ्यावर पोचला तेव्हा त्याच्या डोक्यावर फक्त बंद होता. मागे वाटभर पडलेल्या पेंड्या सोनुबाईने गोळा केल्या.

उडवीवर शेवटचा भारा रचून झाला आणि पावसाने धरलं. तासभर असा कोसळला की ओढा तांबडा झाला. सहाही माणसं आणि सोनुबाई गोठ्यात गाईशेजारी उभी होती, भिजलेली, खाजेने बेजार. भाताची कुसळं घामाला चिकटली की कातडीचं काय होतं हे भाऊसाहेबांना त्या दिवशी कळलं. त्यांच्या खादीची इस्त्री गेली होती. सोनुबाईने सगळ्यांना गरम पेज दिली, मीठ घातलेली. मालोजीही प्यायला आणि त्याने दुसऱ्यांदा मागितली. कुणी नेमाचं काढलं नाही. वाडीतल्या दोन घरांचं भात त्या पावसात शेतातच राहिलं, त्याला दिवाळीत मोड आले. सोनुबाईच्या उडवीतला दाणा कोरडा राहिला. ती त्या संध्याकाळी खळ्यावर एकटीच उडवीला पाठ लावून बसली. तिला कुणाशीही बोलायचं नव्हतं, इतकी ती खूष होती.

महिन्याभराने आश्रमाच्या पत्रिकेत लेख आला. मथळा होता, 'मालोजीरावांचं स्वावलंबी घर'. त्यात कणगी होती, तेल होतं, पोह्यांत प्राण होता. ऐन पावसात मालोजीरावांच्या नेतृत्वाखाली पीक कसं वाचवलं, हे होतं. शेवटी एक ओळ होती की या कामी गृहिणीचीही त्यांना साथ आहे. मालोजीने लेख मोठ्याने वाचला, शेवटची ओळ दोनदा वाचली, सोनुबाईला बरं वाटावं म्हणून. बुधी ऐकत होती. तिने विचारलं की पदूचं नाव कुठे आलंय? मालोजीने पान उलटून बघितलं.

लेखाने मालोजीचं नशीब उघडलं. भाऊसाहेबांनी त्याला आश्रमात बोलावून गृहोद्योगाचा प्रमुख केलं. राहणं, जेवण तिथेच. येणाऱ्या पाहुण्यांना हिंडवून दाखवायचं आणि पानं मांडायची, ही दोन्ही कामं त्याला उत्तम जमत. घरात पुन्हा मीठ उघड्यावर आलं. पंधरा दिवसांनी खालापूरकडून येणाऱ्या गाडीवानाबरोबर एक गाठोडं आलं. मालोजीच्या मळक्या धोतरांचं आणि सदऱ्यांचं. आश्रमात प्रत्येकाने आपले कपडे आपण धुवायचे असा नियम होता आणि मालोजी तो असा पाळत होता. सोनुबाईने धुऊन पाठवले. पंधरा दिवसांनी पुन्हा आलं. तिने पुन्हा धुतले. तिसऱ्या खेपेला गाठोड्याबरोबर निरोपही आला की पोहे पाठव, इथले बरोबर होत नाहीत. तिने गाठोडं सोडलंच नाही. वर एक गाठ आणखी मारली, बाजूला भाताची पोतडी बांधली आणि गाडीवानाला म्हणाली की सांगा, दोन्ही तिथंच करा. चौथं गाठोडं आलं नाही.

जवळजवळ तीन वर्षांनी आश्रमात दोन तट पडले आणि दोन्ही तटांनी मालोजीला दुसऱ्याचा माणूस ठरवला. सेहेचाळीसच्या भाद्रपदात तो पेटी घेऊन परत आला. सोनुबाईच्या केसांत तोवर पांढरं दिसू लागलं होतं. डोंगरउताराचा एक तुकडा ती आणि बुधी अर्धेलीने करत होत्या, नाचणी आणि वरी, आणि पोह्यांना नेरळपर्यंत गिऱ्हाईक झालं होतं. तिने त्याला ताट वाढलं, पाणी दिलं, आणि चार दिवस आपली कामं करत राहिली. तो ओट्यावर बसून होता. आश्रमात काय चुकलं ते येईल त्याला सांगत होता. त्याच्या बोलण्याला कंटाळून चंद्राबाईनेही चहा करायचं सोडलं.

पाचव्या दिवशी सोनुबाई त्याला उतारावरच्या शेतात घेऊन गेली. नाचणीची कणसं भरत आली होती आणि पोपटांचे थवे सकाळ-संध्याकाळ उतरत होते. पदूने चार खांबांवर राखणीचा माळा बांधून ठेवला होता. राखणीला माणूस मिळत नव्हता. एकट्याने दिवसभर ओरडायचं काम, दोन दिवसांत घसा बसतो.

"इथं बसा," ती म्हणाली. "आणि बोलत रावा."

मालोजी वर चढला. आधी त्याला अपमान वाटला, थोडा वेळ तो गप्पच बसला, आणि पोपटांनी कोपऱ्यातले दोन वाफे खाल्ले. मग त्याच्याने राहवेना. तो भाऊसाहेबांच्या चुकांपासून सुरू झाला, तिथून स्वावलंबनावर आला, हॉटेलातल्या साहेबांवर गेला आणि दुपारपर्यंत लढाईच्या कारणांपर्यंत पोचला. खाली बुधी आणि सोनुबाई तण काढत होत्या. डोक्यावरून थवा आला, माळ्याच्या आसपास घिरटी घातली आणि शेलूच्या दिशेने निघून गेला.

त्या साली त्यांच्या उतारावर जेवढी नाचणी झाली तेवढी आसपास कुणाची झाली नाही. पुढच्या साली ठाकरवाडीच्या लोकांनी मालोजीला आपल्या शेतांवर राखणीला मागून नेलं. तो आनंदाने गेला. त्याला ऐकणारं कुणीतरी लागत होतं, आणि पोपट निदान ऐकून घेऊन मगच उडायचे.